साधेपणाची आरती पुरे

भाई गणपतराव देशमुख यांचे नाव निघाले की बोलणाऱ्याच्या तोंडी आधी एसटी येते. आमदार असूनही एसटीने फिरायचे, असे सांगून होते. मग साधी राहणी येते, मग निष्कलंक चारित्र्य, आणि शेवटी ठरलेले वाक्य: असा माणूस आता होणे नाही. एवढे म्हणून बोलणारा आपल्या गाड्यांच्या ताफ्यात बसतो आणि पुढच्या कार्यक्रमाला निघतो.

30 जुलै 2021 रोजी सोलापुरात ते गेले तेव्हा हेच झाले आणि त्यानंतरही हेच होत आले आहे. ज्यांनी दर दोन निवडणुकांआड झेंडा बदलला, तेही त्यांच्या पक्षनिष्ठेवर भरभरून बोलतात. या आरतीवर माझा आक्षेप आहे. माणसाला एकदा संत ठरवले की त्याच्यासारखे वागण्याचे ओझे कुणावरच उरत नाही. एसटीचे कौतुक करायला काही लागत नाही. पाण्याचे समन्यायी वाटप करा म्हणून जवळपास तीस वर्षे सरकारच्या मागे लागायला मात्र बरेच काही लागते. म्हणून पहिल्याची गोष्ट घरोघर सांगितली जाते आणि दुसऱ्याची कुणी काढत नाही.

गणपतराव संत नव्हते. ते राजकारणी होते आणि पक्के राजकारणी होते. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघातून ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. भोळ्या माणसाला हे जमत नाही. गाव न् गाव, वाडी न् वाडी ठाऊक असणाऱ्या, मतांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागणाऱ्या माणसालाच ते जमते.

त्या अकरा विजयांचा पट नीट पाहा. 1962 आणि 1967 ला विजय. 1972 ला पराभव. 1974 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय. मग 1978, 1980, 1985, 1990 असे सलग चार. 1995 ला पराभव, तोही अवघ्या 192 मतांनी. मग 1999, 2004, 2009 आणि 2014. 2014 साली त्यांचे वय होते 88. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरला 1926 साली जन्मलेला, वकिलीचे शिक्षण घेतलेला हा माणूस पन्नास वर्षांहून अधिक काळ विधानसभेत बसला. आणि या पन्नास वर्षांतली बहुतेक सगळी वर्षे त्यांनी विरोधी बाकांवर काढली.

या शेवटच्या वाक्यावर मला थांबायचे आहे, कारण सगळे त्याला बगल देऊन पुढे जातात.

देशात गणपतरावांपेक्षा जास्त वेळा आमदार झालेले लोक आहेत. तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले. केरळमध्ये के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. दोघेही मोठे होते, त्यांच्या यशाला कमी लेखायचे कारण नाही. पण करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले आणि माणी वर्षानुवर्षे अर्थमंत्री होते. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली आहे, त्याला मतदारसंघ सांभाळणे तुलनेने सोपे जाते. गणपतरावांच्या हाती ती किल्ली जवळपास कधीच नव्हती. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात ते मंत्री झाले आणि फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त झाले. 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मंत्री झाले. 2002 मध्ये त्यांच्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि तेही मंत्रिपद संपले. सत्तेचा सगळा जमाखर्च एवढाच. तरीही सांगोल्याने त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले.

आज कुठल्याही पक्षाच्या आमदाराला विचारा, पक्ष का सोडलास? उत्तर तयार असते: मतदारसंघाच्या विकासासाठी. सत्तेत असल्याशिवाय निधी मिळत नाही, निधीशिवाय कामे होत नाहीत आणि कामांशिवाय लोक मत देत नाहीत. हे तीन पायऱ्यांचे समर्थन इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की मतदारांनाही ते खरे वाटू लागले आहे. सांगोल्याने अकरा वेळा मत देऊन ते खोटे पाडले. मी तर म्हणेन, गणपतरावांची अर्धी हयात म्हणजे या एका सबबीला दिलेले उत्तर आहे. सबब सांगणाऱ्यांना हे उत्तर नको असते. म्हणून ते एसटीबद्दल बोलतात.

त्यांचा पक्ष म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. लोक म्हणतात शेकाप. 1947 साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या बहुजन समाजातून आलेल्या काँग्रेसजनांनी वेगळी चूल मांडली. पुढे दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादाची वाट धरली. लाल झेंडा, खटारा ही निशाणी आणि नावाआधी 'भाई'. पन्नासच्या दशकात असे वाटत होते की महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात काँग्रेसला टक्कर देईल तर हाच पक्ष. मग गळती लागली. खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परत गेले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने शेकापची एकेक फळी उचलली. सहकारी कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद अशी दारे एकेक उघडत गेली आणि त्या दारांतून शेकापची कर्तबगार माणसे आत जाऊन काँग्रेसची झाली.

अशा काळात 1962 मध्ये छत्तिशीचा एक वकील शेकापचा आमदार म्हणून मुंबईत आला. तेव्हा विधानसभेत 264 जागा होत्या. काँग्रेसकडे 215, शेकापकडे 15. त्या पंधरांपैकी कुणालाही तेव्हा काँग्रेसमध्ये जाता आले असते. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून तेवीस वर्षे होती. अडवणारे काहीही नव्हते, फक्त स्वतःचे मन. गणपतराव गेले नाहीत. 1967 ला शेकापचे 19 आमदार झाले, 1972 ला 7 उरले. 1978 ला 13, 1990 ला 8, 1999 ला 5, 2004 ला 2. पक्ष डोळ्यांदेखत आटत होता. दि. बा. पाटलांसारखा झुंजार नेतासुद्धा शेवटी शेकाप सोडून गेला. गणपतराव राहिले.

पक्ष मोठा असताना राहणे सोपे असते. दोन आमदारांच्या पक्षात, त्यातले एक आपण स्वतः असताना, पुढच्या निवडणुकीला पुन्हा तोच झेंडा खांद्यावर घेणे ही गोष्ट वेगळी आहे. या राज्याने जून 2022 मध्ये एक पक्ष फुटताना पाहिला आणि जुलै 2023 मध्ये दुसरा. दोन्ही वेळेला नेत्यांनी विचारांचे नाव घेतले. त्यांच्या विचारांची परीक्षा मी घेत नाही. मी फक्त वेळ पाहतो. दोन्ही वेळेला जाणाऱ्यांना सत्ता मिळाली. विचार प्रत्येक वेळी सत्तेच्याच दिशेला कसा निघतो, याचे उत्तर त्यांच्यापैकी एकानेही दिलेले नाही.

आणि योगायोग असा की 2022 च्या त्या बंडाने सांगोल्याचे नाव देशभर नेले. गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला असलेले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर कार्यकर्त्याला म्हणाले, 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.' त्यावर गाणी झाली, टी-शर्ट निघाले, लहान पोरे ते वाक्य म्हणू लागली. मला याचे वाईट वाटले. आजही वाटते. ज्या तालुक्याने एका विरोधी आमदाराला अकरा वेळा निवडून देऊन देशाच्या संसदीय इतिहासात आपली नोंद केली, तो तालुका लोकांना माहीत झाला हॉटेलातून दिसणाऱ्या झाडीमुळे.

शहाजीबापूंवर अन्याय नको. हाच माणूस गणपतरावांविरुद्ध वर्षानुवर्षे लढला. 1995 ला 192 मतांनी जिंकला, नंतर हरत राहिला, तरी मैदान सोडले नाही. पराभव पचवत पुन्हा उभे राहणे सोपे नसते. गणपतरावांना दर पाच वर्षांनी खरी लढत द्यावी लागली ती अशा प्रतिस्पर्ध्यांमुळेच. बिनविरोध मोठे झालेल्या नेत्यापेक्षा 192 मतांनी पडून पुन्हा उठलेला नेता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आता पाण्याकडे येतो, कारण सगळ्याचे मूळ तिथे आहे.

सांगोला हा माणदेशाचा भाग. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच असते. पश्चिमेचा पाऊस सह्याद्रीवर कोसळून घेतो आणि इकडे येईपर्यंत ढग रिकामे होतात. म्हणून हा मुलूख पिढ्यान् पिढ्या मेंढरांचा, ज्वारी-बाजरीचा आणि ऊसतोडीला किंवा मुंबईला जाणाऱ्यांचा राहिला. उजनीचे धरण सोलापूर जिल्ह्यातच झाले, पण त्या पाण्यावर वाढला ऊस. सांगोल्याच्या वाट्याला टँकर आला आणि चारा छावणी आली.

टँकर आणि छावणी यांवर राजकारण करणे अगदी सोपे आहे. टँकर पाठवणारा देव होतो. छावणी चालवणारा कार्यकर्ता तयार होतो, त्याच्याकडे पैसा येतो, त्या पैशावर पुढची निवडणूक निघते. दुष्काळ टिकला तरच हे सगळे टिकते. महाराष्ट्रातल्या अनेक दुष्काळी तालुक्यांचे नेतृत्व याच खुराकावर पोसले गेले आहे, हे सांगायला मला कसलाही संकोच नाही.

गणपतरावांनी टँकरही मागितले असतील, छावण्याही मागितल्या असतील. दुष्काळात ते मागावेच लागतात. पण त्यांनी मुख्य लढाई दुसरीकडे नेली. 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर ही त्या चळवळीतली प्रमुख नावे. सातारा, सांगली, सोलापूर या तीन जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके एका मागणीवर एकत्र आले: कृष्णेचे पाणी आम्हालाही द्या, आणि समन्यायाने द्या.

ही मागणी भावनेवर उभी नव्हती. बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातले 560 टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले होते. ते इसवी सन 2000 पर्यंत वापरात आणले नाही तर आपला दावा अडचणीत येईल, ही भीती होती. मंत्रालयात फायली सरकत नव्हत्या. तेव्हा दुष्काळी भागातल्या लोकांनी सरकारला त्याचाच कागद दाखवला. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कऱ्हाडजवळ टेंभू इथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आटपाडी, सांगोल्याकडे न्यायची योजना मार्गी लागली. म्हैसाळची योजना होती, नीरेचा उजवा कालवा होता. कामे रखडली, पैसे संपले, खर्च फुगला, घोटाळ्यांच्या चौकशा झाल्या. पाणी सगळ्या शिवारांत पोचले असे आजही कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. उपसा योजनेच्या विजेचे बिल हा वेगळा जाच. त्यातला 19 टक्के भाग शेतकऱ्याकडून वसूल करायचा आणि 81 टक्के शासनाने उचलायचा, इथवर यायलाच किती वर्षे गेली.

या लढ्यातला शब्द होता 'समन्यायी'. पाणी जमिनीच्या मालकीवर वाटायचे नाही, माणसांवर वाटायचे. भूमिहीनालाही त्याचा वाटा. मूठभर बागायतदारांनी वरच्या भागात अडवायचे नाही. ही मागणी ऊस पट्ट्यातल्या सत्ताधाऱ्यांना थेट टोचणारी होती आणि महाराष्ट्राची सत्ता ऊस पट्ट्यातूनच चालत होती. म्हणजे गणपतराव ज्यांच्याशी विधान भवनात हसून बोलत, त्यांच्याच तोंडातला घास वाटून मागत होते. साधेपणावर भाषण करणारा एकही नेता या मागणीबद्दल बोलत नाही. का बोलत नाही, ते वाचकाने ओळखावे.

पाणी येईपर्यंत काय करायचे, याचेही उत्तर सांगोल्याने शोधले. रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राची देशाला देणगी. वि. स. पागे यांनी ती मांडली, 1972 च्या दुष्काळाने ती उभी केली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. 1990 मध्ये या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. कमी पाण्याच्या, हलक्या जमिनीच्या तालुक्याला बोर आणि डाळिंब मानवले. सांगोल्याच्या माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, माल बाहेर देशी गेला. सोलापूरच्या डाळिंबाला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. हे श्रेय एकट्या आमदाराचे नाही. योजना सरकारची, घाम शेतकऱ्याचा. पण योजना गावागावांत पोचवणे, ती अडली तर तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत भांडणे हे काम त्यांच्या पक्षाच्या लोकांनी केले. 1999 मध्ये मंत्री झाले तेव्हा रोजगार हमीचे खाते त्यांच्याकडे आले, ते योग्य माणसाकडे आले. पुढे तेल्या रोगाने अनेक बागा बसवल्या. शेतकरी पुन्हा कर्जात गेला. तेव्हा मात्र मदतीच्या घोषणांच्या पलीकडे सरकारने फार काही केले नाही, हेही लिहून ठेवतो.

आणि सूतगिरणी. कापसासाठी कधीच ओळखल्या न गेलेल्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढायची, हे कुणालाही वेडेपणाचे वाटले असते. गणपतरावांनी ती काढली आणि ती चालली. पुढे महिलांची वेगळी सहकारी सूतगिरणी निघाली. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांचे काय झाले ते आपण जाणतो. शासनाचे भागभांडवल घ्यायचे, इमारत बांधायची, यंत्रे आणायची, दोन-चार वर्षांत कुलूप लावायचे आणि जमीन कुणाच्या तरी घशात घालायची. कारखान्यांचेही तेच. अवसायनात काढा, लिलाव करा आणि ज्याने बुडवला त्याच्याच नातलगाच्या कंपनीने स्वस्तात घ्यावा. या सगळ्या पडझडीत सांगोल्याची गिरणी उभी राहिली आणि तालुक्यातल्या माणसांना तिथे रोजगार मिळाला. सहकार मुळातच सडका असतो, असे आज शहरी वाचकाला वाटते. तसे नाही. तो ज्यांनी सडवला त्यांची नावे आहेत, आणि ज्यांनी सांभाळला त्यांचीही आहेत. पहिल्यांची नावे घ्यायला आपण घाबरतो आणि दुसऱ्यांची घ्यायला विसरतो.

आता एसटीचा मुद्दा एकदा निकाली काढू. एसटीच्या गाडीत आमदारांसाठी आसन राखीव असते, त्यांना प्रवासही मोफत असतो. म्हणजे कायद्याने आमदार एसटीने फिरेल असे गृहीत धरले आहे. गणपतरावांनी त्या आसनावर बसून काही त्याग केला नाही, त्यांनी नियम पाळला. एका आमदाराने नियम पाळला की आपण त्याची गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतो, इतकी आपली अपेक्षा खाली आली आहे. खरे महत्त्व बसण्याला नाही, शेजारी कोण बसते याला आहे. सांगोल्याहून निघालेल्या गाडीत आमदाराशेजारी शेतकरी बसतो, कुणी दवाखान्याला निघालेली बाई बसते, नोकरीसाठी खेटे घालणारा पोरगा बसतो. तालुक्याची खबर अशी आपोआप कानावर येते. काळ्या काचांच्या गाडीत शेजारी ठेकेदार बसतो. मग खबर ठेकेदाराची असते.

आमदाराला आज वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातून सभामंडप होतात, पेव्हर ब्लॉक बसतात, चौकात उंच दिव्यांचे खांब लागतात आणि प्रत्येकावर आमदाराच्या नावाची पाटी लागते. आमदार हा कायदे करायला निवडला जातो, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. माजी झाला की 2016 पासून त्याला महिन्याला किमान 50 हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते. गणपतराव ज्या काळात घडले, तेव्हा विधानसभा ही बोलण्याची जागा होती. अंदाजपत्रकातल्या मागण्या वाचून यायचे, कपात सूचना द्यायच्या, उत्तरातल्या पळवाटा पकडायच्या. 1977 मध्ये दि. बा. पाटील लोकसभेवर गेल्यावर काही महिने विरोधी पक्षनेतेपद गणपतरावांनी सांभाळले. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नसते, त्याच्याकडे विचारण्यासारखे बरेच असते, आणि विरोधी आमदाराचे काम तेच आहे. आज अधिवेशने आखूड झाली, विधेयके गोंधळात मंजूर होतात, आणि आमदार मात्र 'मतदारसंघात कामे खूप आहेत' असे सांगून सभागृहाबाहेर असतात.

निवडणुकीच्या खर्चाचेही तसेच. विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे. ती पाळली जाते असे मानणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सांगोल्यात गणपतरावांच्या निवडणुकीला लोक वर्गणी काढत. याकडेही लोक भाबडेपणाने पाहतात. वर्गणी देणारा मतदार हिशेब मागतो. पैसे घेऊन मत देणारा मतदार हिशेब मागू शकत नाही, त्याचा हिशेब आदल्या रात्रीच चुकता झालेला असतो. वर्गणी हे गणपतरावांच्या राजकारणाचे सगळ्यात कणखर हत्यार होते.

उणिवा सांगितल्या नाहीत तर मीही आरतीच केली असे होईल.

पहिली उणीव पक्षाची. सांगोल्यात शेकाप भक्कम राहिला, पण शेजारच्या मंगळवेढ्यात, पंढरपुरात, मोहोळमध्ये तो वाढला नाही. रायगडात पक्षाचा एक बालेकिल्ला, सांगोल्यात दुसरा, मध्ये सगळे मोकळे रान. पन्नास वर्षे आमदार असलेल्या ज्येष्ठ नेत्याकडून आपल्या तालुक्यापलीकडे पक्ष बांधण्याची अपेक्षा करणे गैर नाही. ती पूर्ण झाली नाही. पाणी परिषदेत तेरा तालुके एकत्र आले, मतपेटीत मात्र ते पुन्हा आपापल्या साखरसम्राटांकडे गेले.

दुसरी गोष्ट जातीची. गणपतराव धनगर समाजातले. सांगोल्यात या समाजाची मते मोठी आहेत आणि ती त्यांच्या पाठीशी होती. निव्वळ विचारांवर अकरा निवडणुका जिंकल्या असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पण जातीची मते असलेले पुढारी गावोगाव आहेत आणि ते दोन-तीन निवडणुकांत संपतात. गणपतरावांना मराठ्यांनी, दलितांनी, मुसलमानांनीही मते दिली, म्हणून ते टिकले. मराठा नेतृत्वाचे वर्चस्व असलेल्या पश्चिम महाराष्ट्रात धनगर समाजातला माणूस पन्नास वर्षे आमदार राहतो, याचा अभ्यास विद्यापीठांनी करायला हवा होता.

तिसरी गोष्ट वारशाची, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. 2019 मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांनी उभे न राहायचे ठरवले. पक्षाने आधी घराबाहेरच्या उमेदवाराचे नाव जाहीर केले. कार्यकर्त्यांनी ते मानले नाही. आंदोलन केले, घरातलाच उमेदवार द्या म्हणून हट्ट धरला. शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि 768 मतांनी हरले. 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि जिंकले. त्या विधानसभेत 288 पैकी शेकापचे ते एकमेव आमदार.

घराणेशाहीबद्दल आपण नेत्यांना झोडपतो. इथे म्हाताऱ्या नेत्याने बाहेरचे नाव पुढे केले होते आणि लाल झेंड्याखाली वाढलेल्या कार्यकर्त्यांनी आडनाव मागितले. दोन्ही नातू शिकलेले आहेत. त्यांनी राजकारणात येऊ नये असे मी म्हणणार नाही. पण पन्नास वर्षांच्या संघटनेला घराबाहेर एक सर्वमान्य माणूस सापडू नये, याचा दोष गणपतरावांच्या खात्यावर पडतो, आणि त्याहून मोठा वाटा तो हट्ट धरणाऱ्यांच्या खात्यावर.

बाबासाहेबांना आता त्यांच्याच आजोबांच्या मापाने मोजले जाणार आणि ते योग्य आहे. एकट्या आमदाराला सत्तेकडून बोलावणे येत असतेच. निधीचे आमिष तेच आहे, विकासाची सबब तीच आहे. 1962 मध्ये पंधरांतल्या एकाने जे केले, ते 2024 मध्ये एकातल्या एकाने करायचे आहे.

सांगोल्याच्या मतदारांना माझे एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी गणपतरावांच्या फोटोला हार घालायला कुणी आले, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, घरातले असोत की बाहेरचे, तर त्यांना एसटीबद्दल बोलू देऊ नका. टेंभूचे पाणी आपल्या तालुक्यातल्या कोणत्या गावांना अजून मिळालेले नाही, त्यांची नावे विचारा. भूमिहीनाच्या पाण्याच्या वाट्यावर तुम्ही सभागृहात काय बोललात, ते विचारा. उत्तर आले तरच हार घालू द्या.